डीमॉझ

डीमॉझ अथवा ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट ही विश्वजालावरील संकेतस्थळांची विषयवार निर्देशिका होती. स्वयंसेवक संपादकांनी ती घडवली आणि सांभाळली. ५ जून १९९८ रोजी अमेरिकेत सुरू झालेला हा प्रकल्प मार्च २०१७ मध्ये बंद झाला. बंद होताना त्यात ३८ लाखांहून अधिक संकेतस्थळांच्या नोंदी सुमारे १० लाख वर्गांत विभागलेल्या होत्या, आणि आरंभापासून ९० हजारांहून अधिक व्यक्तींनी त्यात संपादक म्हणून भाग घेतला होता. नोंदीसाठी शुल्क घेतले जात नसे व निर्देशिकेतील माहिती कोणालाही विनामूल्य वापरता येत असे. या दोन कारणांमुळे डीमॉझमधील दोन ओळींच्या नोंदीला संकेतस्थळधारकांच्या लेखी मोठे मोल आले. प्रकल्पापुढील पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळही याच मोलात होते.

पार्श्वभूमी

विश्वजालाच्या पहिल्या दशकात एखादे संकेतस्थळ सापडण्याचे दोन मार्ग होते. एक शोधयंत्राचा व दुसरा निर्देशिकेचा. शोधयंत्रात स्वयंचलित प्रणाली पाने वाचून त्यांतील शब्दांची सूची बनवते. निर्देशिकेत माणूस संकेतस्थळ पाहून ते योग्य विषयाखाली नोंदवतो. त्या काळातील शोधयंत्रे मुख्यतः पानावरील शब्दांवर विसंबून असल्याने त्यांना फसवणे सोपे होते. पानावर तोच तो शब्द शेकडो वेळा लिहिणे, पार्श्वभूमीच्याच रंगात अक्षरे लपवणे, किंवा पानाच्या संकेतांकनात असंबद्ध शोधशब्दांची माळ घालणे हे प्रकार सर्रास चालत. त्यामुळे माणसाने निवडलेल्या यादीवर वाचकांचा विश्वास अधिक होता.

निर्देशिकांची परंपरा टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या व्हर्च्युअल लायब्ररीपासून सुरू होते. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग व डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी आपल्या आवडत्या संकेतस्थळांची यादी प्रसिद्ध केली व तिलाच पुढे याहू हे नाव मिळाले. याहूची निर्देशिका पगारी संपादक चालवीत. संकेतस्थळांची संख्या ज्या वेगाने वाढत होती, त्या वेगाने संपादक नेमणे कोणत्याही कंपनीला शक्य नव्हते. नव्या नोंदी खोळंबत आणि जुने दुवे मृत होऊन पडून राहत. पुढे याहूने व्यापारी संकेतस्थळांच्या परीक्षणासाठी शुल्क आकारण्यास सुरुवात केली. ते काही काळाने वार्षिक २९९ डॉलर झाले.

स्थापना व नामांतरे

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत काम करणारे रिच स्क्रेंटा व बॉब ट्रुएल यांनी सहकाऱ्यांसह ही निर्देशिका सुरू केली. स्क्रेंटा यांनी शाळकरी वयात, १९८२ मध्ये, ॲपल २ संगणकासाठी एल्क क्लोनर हा विषाणू लिहिला होता. वैयक्तिक संगणकांमध्ये पसरलेल्या अगदी आरंभीच्या विषाणूंमध्ये त्याची गणना होते. विश्वजालाची वाढ जर लाखो लोकांमुळे होत असेल, तर त्याची सूचीही लोकांनीच करावी, असा नव्या निर्देशिकेमागचा विचार होता. विषयांची प्राथमिक चौकट यूजनेटवरील चर्चागटांच्या रचनेवरून घेण्यात आली.

प्रकल्पाचे पहिले नाव ग्नूहू होते. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतील ग्नू प्रकल्पाशी त्याचा संबंध नसताना ते नाव वापरण्यास आक्षेप घेतला गेला. त्यानंतर न्यूहू हे नाव स्वीकारले गेले. त्यातील ‘हू’ याहूला खटकले. ऑक्टोबर १९९८ मध्ये नेटस्केप या कंपनीने प्रकल्प ताब्यात घेतला व त्याचे ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट असे नामकरण केले. त्या वेळी निर्देशिकेत सुमारे १ लाख नोंदी व साडेचार हजार संपादक होते. नेटस्केपच्या मोझिला या नावाच्या पत्त्याखाली निर्देशिका ठेवली गेली आणि ‘डिरेक्टरी मोझिला’ या शब्दांच्या संक्षेपातून डीमॉझ हे रूढ नाव तयार झाले. नेटस्केपची मालकी लवकरच एओएलकडे गेली व शेवटपर्यंत ती तिथेच राहिली. ऑक्टोबर १९९९ मध्ये नोंदींची संख्या १० लाखांवर गेली व डिसेंबर २००३ मध्ये ४० लाखांवर पोहोचली.

रचना व संपादन

कला, व्यापार, संगणक, आरोग्य, विज्ञान, समाज, क्रीडा यांसारखे मोजके मुख्य वर्ग व त्यांखाली उपवर्गांची झाडासारखी उतरंड अशी निर्देशिकेची मांडणी होती. स्थानिक संकेतस्थळे ‘प्रादेशिक’ या वर्गात भूगोलानुसार लावली जात. महाराष्ट्राशी संबंधित इंग्लिश संकेतस्थळे आशिया, भारत व महाराष्ट्र अशा पायऱ्या उतरून मिळत. इंग्लिशेतर भाषांतील संकेतस्थळे मात्र ‘जग’ या वेगळ्या वर्गात भाषेनुसार ठेवलेली असत. इंग्लिश सोडून उर्वरित सर्व भाषा एका फांदीवर टांगणारी ही व्यवस्था प्रकल्पाचा उगम कोठे झाला हे सांगून जाते.

संपादक होऊ इच्छिणाऱ्याला एखादा लहान वर्ग निवडून अर्ज करावा लागे. अर्जासोबत त्या वर्गात बसतील अशा काही संकेतस्थळांची नमुना वर्णने द्यावी लागत. त्या विषयातील कोणत्या संकेतस्थळांशी आपले हितसंबंध आहेत हेही उघड करावे लागे. अनुभवी संपादक अर्ज तपासून निर्णय घेत. काम चांगले असल्यास मोठे वर्ग मिळत व काही जणांना संपूर्ण निर्देशिकेत संपादनाचे अधिकार दिले जात. मृत दुवे हुडकण्यासाठी रोबोझिला ही स्वयंचलित प्रणाली होती, परंतु नोंद घ्यावी की नाही हा निर्णय माणसाचाच असे.

वर्णनाचे नियम कडक होते. शीर्षक म्हणजे संस्थेचे वा संकेतस्थळाचे प्रत्यक्ष नाव, आणि खाली तेथे काय आहे हे सांगणारे एक-दोन तटस्थ वाक्ये. ‘सर्वोत्तम’, ‘स्वस्त’, ‘अग्रगण्य’ अशी विशेषणे संपादक छाटून टाकीत. धारकाने जाहिरातीच्या भाषेत पाठवलेल्या परिच्छेदाची अनेकदा सात-आठ शब्दांची ओळ होऊन जाई.

शोधयंत्रांशी संबंध

डीमॉझच्या नोंदीला आलेले महत्त्व समजण्यासाठी गूगलच्या क्रमवारीची मूळ कल्पना लक्षात घ्यावी लागते. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केलेल्या पेजरँक या पद्धतीत एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा हे एक प्रकारचे मत मानले जाते. सर्व मते सारखी नसतात. ज्या पानाकडे स्वतः अनेक महत्त्वाची पाने बोट दाखवतात, त्याच्या मताला वजन अधिक; आणि एका पानाचे वजन त्यावरून बाहेर जाणाऱ्या दुव्यांमध्ये विभागले जाते. माणसाने पारखून दिलेला, विकत न मिळणारा दुवा या गणितात अर्थातच मोलाचा ठरला.

येथे मुक्त परवान्याचा परिणाम झाला. डीमॉझची संपूर्ण माहिती धारिकेच्या स्वरूपात उतरवून घेता येत असे व ती शेकडो संकेतस्थळांनी वापरली. मार्च २००० पासून गूगलने स्वतःची गूगल डिरेक्टरी याच माहितीवर चालवली. फरक इतकाच की डीमॉझमध्ये नोंदी वर्णानुक्रमे लागत, तर गूगल त्या पेजरँकनुसार लावी. एकदा मिळालेली नोंद अशा रीतीने अनेक प्रतींमध्ये पोहोचे आणि एकाच्या जागी अनेक दुवे मिळत. गूगलच्या टूलबारवर प्रत्येक पानाचा पेजरँक ० ते १० या अंकांत दिसू लागल्यावर दुव्यांचे मोल कोणालाही मोजता येऊ लागले. आपले संकेतस्थळ डीमॉझ व याहू यांसारख्या निर्देशिकांना सुचवावे, असा सल्ला गूगलच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांतही होता. २००८ मध्ये तो वगळण्यात आला.

शोधनिकालांत संकेतस्थळाच्या नावाखाली दिसणारे वर्णनही गूगल काही वेळा डीमॉझमधून उचलत असे. ज्यांच्या नोंदी जुन्या झाल्या होत्या त्यांना हे अडचणीचे ठरे, कारण व्यवसाय बदलला तरी निकालात जुनीच ओळ झळकत राही. २००६ पासून मायक्रोसॉफ्ट व गूगल यांनी ‘नोओडीपी’ ही खूण मान्य केली. ती पानाच्या संकेतांकनात घातली की डीमॉझमधील वर्णन वापरले जात नसे. म्हणजे जी नोंद मिळवण्यासाठी धारक वर्षानुवर्षे ताटकळत, तिचाच मजकूर झाकण्याची सोयही त्यांना हवी होती.

प्रलंबित नोंदी व टीका

नोंद सुचवणे सोपे होते: योग्य वर्गात जाऊन पत्ता, शीर्षक व वर्णन भरायचे. पुढे काय झाले हे मात्र कळत नसे. स्वीकृतीची वा नकाराची सूचना पाठवली जात नसे आणि निर्णयाला कालमर्यादा नव्हती. एखाद्या वर्गात संपादकच नसे, तर पर्यटन, औषधविक्री, मालमत्ता अशा व्यापारी वर्गांत सूचनांचा ढीग साचलेला असे व त्यातील मोठा भाग कचरा असे. एकच संकेतस्थळ वेगवेगळ्या नावांनी पुनःपुन्हा सुचवणाऱ्यांमुळे प्रामाणिक धारकाची सूचना आणखी मागे पडत असे.

संपादकांची भूमिका अशी होती की निर्देशिका वाचकांसाठी आहे, धारकांना सेवा देण्यासाठी नाही. संपादक स्वतःही चांगली संकेतस्थळे शोधून नोंदवतात आणि सुचवलेल्या याद्या हा त्यांच्यासाठी अनेकांपैकी एक स्रोत आहे. तत्त्वतः ती योग्य होती. परंतु ज्या लहान व्यावसायिकाच्या शोधनिकालातील स्थानावर या नोंदीचा परिणाम होत होता, त्याला ती उर्मट वाटणे स्वाभाविक होते. काही संपादक स्वतःच्या किंवा ग्राहकांच्या संकेतस्थळांना झुकते माप देतात, प्रतिस्पर्ध्यांना रोखून धरतात, क्वचित पैसेही मागतात, असे आरोप वारंवार झाले. गैरवर्तनाची तक्रार करण्याची सोय प्रकल्पाने केली होती व दोषी संपादकांना काढलेही जाई. मात्र ही चौकशी अंतर्गत असल्याने बाहेरच्यांचे समाधान होत नसे. ऑक्टोबर २००६ मध्ये मुख्य सर्व्हर कोलमडला आणि डिसेंबरपर्यंत संपादन ठप्प राहिले. तेव्हा मालक कंपनीचे प्रकल्पाकडे किती लक्ष आहे, हा प्रश्न संपादकांमध्येही विचारला जाऊ लागला.

अनुकरण व दुव्यांचा बाजार

डीमॉझची नोंद मिळत नाही आणि याहूची परवडत नाही, अशा धारकांसाठी हजारो छोट्या निर्देशिका निघाल्या. त्यांपैकी बहुतेकांना वाचक नव्हतेच. पैसे घेऊन किंवा परतफेडीच्या दुव्याच्या बदल्यात नोंद देणे एवढाच त्यांचा व्यवसाय होता. शेकडो निर्देशिकांत एकाच वेळी नोंद करून देण्याची सेवा ठरावीक दरात विकली जाई. भारतातही सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे एसईओच्या कामात नवशिक्यांना दिवसभर हेच अर्ज भरावे लागत.

एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन या नावाने ओळखला जाणारा बदल लागू केला. त्यात क्रमवारी फुगवण्यासाठी मिळवलेल्या दुव्यांमुळे संकेतस्थळाचे स्थान घसरू लागले. ज्यांनी नोंदीसाठी पैसे मोजले होते, तेच धारक आता नोंद काढून टाका म्हणून निर्देशिकांना विनवू लागले. नको असलेले दुवे गणनेतून वगळण्याची विनंती करण्याचे साधन गूगलने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उपलब्ध करून दिले.

अखेर व नंतर

गूगल डिरेक्टरी जुलै २०११ मध्ये बंद झाली. याहूची निर्देशिका डिसेंबर २०१४ मध्ये संपली. शोधयंत्रे पुरेशी अचूक झाल्यावर वर्गांची उतरंड उतरत जाण्याची वाचकांना गरज उरली नव्हती. १७ मार्च २०१७ रोजी एओएलने डीमॉझचे संकेतस्थळ बंद केले. इंग्लिश विकिपीडियावर लेखाखाली बाह्य दुव्यांची लांबलचक यादी देण्याऐवजी डीमॉझमधील संबंधित वर्गाचा एकच दुवा देण्याची पद्धत होती व त्यासाठी खास साचाही होता. असे असंख्य दुवे एका दिवसात मृत झाले.

निर्देशिकेचे एक काम मात्र टिकून राहिले. ठिकाण, पत्ता, दूरध्वनी व कामाच्या वेळा यांची खातरजमा केलेली नोंद स्थानिक व्यवसायांना आजही उपयोगी पडते. ती गरज आता गूगलच्या व्यवसाय नोंदी, तसेच १९९६ मध्ये मुंबईत दूरध्वनीवरील माहितीसेवा म्हणून सुरू झालेली जस्टडायल यांसारख्या सेवा भागवतात. त्यांत नाव व पत्ता सर्वत्र एकसारखा असणे महत्त्वाचे असते. साध्या संकेतस्थळासाठी प्रत्येक पानाला स्वतंत्र व अर्थपूर्ण शीर्षक, वाचनीय मजकूर, पानांची यादी देणारा साइटमॅप आणि मोबाइलवर नीट दिसणारी मांडणी या गोष्टींचा उपयोग अनोळखी निर्देशिकांतील नोंदींपेक्षा अधिक होतो.

डीमॉझच्या माजी संपादकांनी जुन्या नोंदींच्या आधारे कर्ली या नावाने निर्देशिका पुन्हा उभी केली. नोंद सुचवणे तेथेही विनामूल्य आहे आणि निर्णय पूर्वीप्रमाणेच स्वयंसेवक संपादक घेतात.