कुंडीतलं खनिज कुठल्या खाणीतलं?

गच्चीवर बाग करणाऱ्या कुणालाही विचारा, कुंडीसाठी मिश्रण कसं करता? कोकोपीट, गांडूळखत, थोडं परलाइट, थोडं व्हर्मिक्युलाइट. हे शेवटचं नाव आलं की पाठोपाठ प्रश्न येतो: त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं म्हणे, खरं का? कोणी म्हणतं असतं, हात लावू नका. कोणी म्हणतं ती जुनी भानगड, आता काळजी नको. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर दोन्ही उत्तरं जरा बाजूला ठेवा आणि प्रश्न कसा विचारलाय ते बघा. आपण सुरक्षिततेचा दाखला खनिजाकडे मागतोय. या विषयाचा इतिहास वाचत गेलं की कळतं, तो खाणीकडे मागायला हवा होता.

आधी वस्तू समजून घेऊ. व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकासारखं पापुद्र्यांचं खनिज. पापुद्र्यांत पाणी अडकलेलं असतं. भट्टीत एकदम तापवलं की त्याची वाफ होते आणि खडा लाहीसारखा फुलतो, लांब होऊन अळीसारखा वळतो. नावसुद्धा लॅटिनमधल्या अळीवरूनच पडलं, १८२४ साली. फुललेला कण हलका असतो, पाणी धरतो, खतातली पोषकद्रव्यंही धरून ठेवतो. शुद्ध व्हर्मिक्युलाइटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस नसतं. (परलाइट वेगळं. ती फुलवलेली ज्वालामुखी काच. तिची धूळ नाकात जाऊ देऊ नये हे बरोबर, पण या गोष्टीत तिचं काम नाही.)

कुंडीत हे आलं कसं? पूर्वीच्या रोपवाटिका मातीवर चालायच्या, आणि माती म्हटलं की दर गाडीला वेगळी, वर बुरशी, तणाचं बी. ती वाफेने निर्जंतुक करत बसावं लागे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात बूडली आणि शेल्ड्रेक यांनी मातीशिवायची मिश्रणं बसवली: पीट आणि त्यात व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट. हलकी, दरवेळी सारखी, रोगमुक्त. आजची बहुतेक तयार मिश्रणं याच वंशातली. पीटच्या जागी आपल्याकडे नारळाचा भुसा आला, इतकंच.

आता खाणीकडे या. अमेरिकेच्या मॉन्टाना राज्यात लिब्बी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या डोंगरातलं व्हर्मिक्युलाइट १९२०च्या दशकापासून ‘झोनोलाइट’ या नावाने विकलं जाई. १९६३ साली डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीने ही खाण घेतली आणि १९९० साली बंद केली. मधल्या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून जास्त या एका डोंगरातलं होतं. घोळ असा की त्याच खडकात अ‍ॅम्फिबोल जातीच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या शिरा होत्या. खोदताना, चाळताना, फुलवताना दोन्ही एकत्रच यायचं.

हे कधी कळलं? इथेच तुम्ही वही काढा. १९५६ साली मॉन्टानाच्या राज्य आरोग्य मंडळाने तिथल्या गिरणीची तपासणी केली, धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असल्याचं आणि ते घातक असल्याचं लिहिलं. अहवाल कंपनीच्या व्यवस्थापनाकडे गेला. कामगारांच्या हाती तो पडला नाही. पुढे १९८६-८७ साली खाण कामगारांवरचे अभ्यास वैद्यकीय नियतकालिकांत छापूनही आले. गावात मात्र सरकारी पथक पोचलं ते १९९९च्या नोव्हेंबरमध्ये, सिअ‍ॅटलच्या एका दैनिकाने मृत्यूंची बातमी छापल्यावर. तोवर खाणीचा टाकाऊ माल लोकांच्या परसबागांत, शाळेच्या धावपट्टीवर, मुलांच्या खेळाच्या मैदानाशेजारी पडून होता. म्हणजे आधी पिशवीतून विकत घेणाऱ्या दूरच्या माळ्याची काळजी वाटावी, तर लिब्बीच्या लोकांच्या भाजीच्या वाफ्यातच हे फुकट मिसळलेलं.

पण माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा खाणीपासून फार लांब सापडतो, ओहायो राज्यातल्या मॅरिसव्हिल इथे. तिथे ओ. एम. स्कॉट कंपनी हिरवळीसाठी खत बनवायची आणि खताला वाहक म्हणून लिब्बीचं व्हर्मिक्युलाइट वापरायची. हे बागेचंच उत्पादन. १९७०च्या दशकाच्या अखेरीस काही कामगारांच्या छातीत रक्तमिश्रित पाणी साचू लागलं. सगळ्या कामगारांचे एक्स-रे काढले. लॉकी आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. १९८० साली फुफ्फुसाच्या आवरणावर बदल दिसलेले होते साधारण २ टक्के लोक. लिब्बीचा माल तिथे १९८० मध्येच थांबला. प्रकरण मिटलं असं कुणालाही वाटेल. तेच कामगार पंचवीसेक वर्षांनी पुन्हा तपासले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेला आकडा बघा: २८० जणांपैकी ८० जणांच्या आवरणावर बदल, म्हणजे जवळपास २९ टक्के. धूळ थांबली होती, आजार आपल्या गतीने चालूच होता. एकदाच काढलेल्या एक्स-रेवरून ‘फारसं काही नाही’ असा निष्कर्ष काढणारा निबंध वाचलात तर आधी विचारा: संपर्क आणि तपासणी यांत किती वर्षं गेली?

मग ग्राहकाचं काय? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २००० साली दुकानातून बागेची व्हर्मिक्युलाइट असलेली उत्पादनं विकत आणून तपासली. देशभरातून घेतलेल्या ३६ पैकी १७ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सापडलं, आणि नीट मोजता येईल इतकं फक्त ५ मध्ये. निष्कर्ष असा की अधूनमधून वापरणाऱ्याला धोका अगदी कमी. सोबत सल्ला: मोकळ्या हवेत वापरा, ओलं ठेवा, कपड्यांवरून धूळ घरात नेऊ नका, जमल्यास तयार मिश्रण घ्या, कारण ते दमट असतं आणि धूळ कमी उडते.

हा निष्कर्ष मला चुकीचा वाटत नाही. फक्त तो कुणाबद्दल आहे ते वाचा. वर्षातून दोनदा पिशवी उघडणाऱ्याबद्दल. दिवसभर पोती भरणाऱ्याचा, भट्टीशी उभा राहणाऱ्याचा प्रश्न मॅरिसव्हिलचा प्रश्न आहे. एकाच उत्पादनाची दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी.

दुसरी गोष्ट, ‘१ टक्क्याहून कमी’ हे शब्द. हे इतक्या आत्मविश्वासाने छापलेलं असतं की वाचणाऱ्याला ती आरोग्याची मर्यादाच वाटते. ती तशी नाही. ईपीएने १९७३ साली फवारून बसवायच्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी आणली, तेव्हा मुद्दाम मिसळलेलं अ‍ॅस्बेस्टॉस आणि नैसर्गिक पदार्थांत अंशमात्र असणारं यांत फरक करायला ही रेघ ओढली गेली. हवेत किती तंतू उडतील हे वजनाच्या टक्क्यावरून कळत नाही. सुटा, कोरडा माल हलवला तर टक्का लहान असूनही धूळ मोठी होऊ शकते. नियमातला आकडा संदर्भात देण्याआधी तो कशासाठी जन्मला ते शोधायची सवय लावून घ्या, व्हायवात उपयोगी पडते!

आणि सरकारला ठाऊक नव्हतं असंही नाही. ईपीएच्याच महानिरीक्षकांनी २००१ साली अहवाल दिला: संस्थेने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या व्हर्मिक्युलाइटवर अभ्यास करून घेतले होते, पण शाळांमधल्या अ‍ॅस्बेस्टॉसला प्राधान्य मिळालं आणि हे मागे पडलं. चूक कबूल करणारे असे अहवाल इतिहासकाराला सोन्यासारखे. कोणती फाईल कधी उघडली आणि कधी बंद झाली, सगळं त्यात असतं.

आपल्याकडच्या पिशवीत लिब्बीचा माल असण्याचं कारण नाही. ती खाण १९९० पासून बंद आहे. भारतात व्हर्मिक्युलाइट तमिळनाडूत वेल्लोरकडच्या सेवत्तूरला, आंध्रात नेल्लोर भागात मिळतं. पण आपल्या दुकानातल्या पिशवीवर बहुधा वजन आणि किंमत असते, खाणीचं नाव नसतं. दुकानदाराला विचारून बघा, आणि उत्तर येईपर्यंत पिशवी उघडताना आधी पाणी शिंपडा.

एखाद्याला हा विषय प्रबंधासाठी घ्यायचा असेल तर सुरुवात नागपुरातून करता येईल. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय तिथेच आहे, आणि त्यांच्या खनिज वार्षिकात व्हर्मिक्युलाइटवर स्वतंत्र प्रकरण असतं. तिथून खाण आणि राज्य कळलं की पुढे फुलवण्याच्या भट्ट्या, मग कारखाने निरीक्षकांची दप्तरं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत अ‍ॅस्बेस्टॉसिस होता. म्हणजे असा रुग्ण आढळला तर डॉक्टरने मुख्य कारखाने निरीक्षकांना लेखी कळवायचं असे. भट्टीवरच्या कामगाराबद्दल असं पत्र कधी गेलंय का, ते त्या दप्तरांत पहिल्यांदा बघा.