मार्चातली कुंडी

होळीच्या सुमारास मालवणात काजूला बोंडं धरतात, आंब्याला कैऱ्या लटकतात आणि कुंडीतला वड तांबूस पालवी काढतो. बोन्सायच्या पुस्तकात मात्र मार्च म्हणजे मुळं छाटा, कुंडी बदला. एका वर्षी मी तसंच केलं. पुढच्या उन्हात बाबांनी वाढवलेला वड गेला.

मग हे वेळापत्रक आहे तरी कुणाचं, ते शोधत बसलो. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानं तोक्यो उद्ध्वस्त झालं. तिथले काही बोन्सायवाले चांगली माती आणि पाणी बघून उत्तरेला ओमियाला गेले, १९२५ मध्ये त्यांनी तिथे गावच वसवलं. नियम गमतीचे: घरटी किमान दहा बोन्साय, दुमजली घर नाही, कुंपण झाडांचंच, फाटक सगळ्यांना उघडं. (शेवटचा नियम आमच्याकडे गुरांनी केव्हाच लागू केलाय!) तिथली झाडं थंडीत झोपतात, मार्चात जागी होतात, आणि जूनमध्ये पाऊस येईपर्यंत ऊन सौम्य असतं. म्हणून मार्च.

आपल्याकडे मार्चानंतर वैशाख. सड्यावरची सीतेची आसवंसुद्धा फुलायला श्रावणाची वाट बघतात. मार्चात फुलते ती बोगनवेल, ब्राझीलची पाहुणी, तीही पाणी तोडल्यावर.

आता कुंड्या मृगातच बदलतो. बाबांनी छाटलेली वडाची एक फांदी शेजारच्या काकूंनी कुंपणात खोचली होती. ती आता दोन पुरुष उंच झालीय. या पावसात काकूंकडे तिचीच एक फांदी मागणार आहे.