कमलाबाई आणि वालातलं कुलूप

कमला सोहोनी म्हटलं की एकच किस्सा सांगितला जातो. १९३३ साली मुंबईची बी.एस्सी. झालेली कमला भागवत (दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण) बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेली. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही, शेवटी वर्षभर प्रोबेशनवर घेतलं. किस्सा खराच आहे. पण तो तिथेच संपतो आणि बाईंचं सायन्स राहूनच जातं! ते सायन्स तर आपल्या ताटात आहे, वालाच्या बिरड्यात.

आता थोडी केमिस्ट्री, घाबरू नका. खाल्लेली प्रथिनं तोडायचं काम ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम करतं. एन्झाइमचा वेग तापमान, आम्लता आणि समोर किती माल आहे यावर ठरतो. माल वाढवला की वेग वाढतो, पण सगळी एन्झाइम्स बिझी झाली की आलेख सपाट. हे गणित मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ साली मांडलं. कच्च्या कडधान्यांत मात्र काही प्रथिनं अशी असतात, की ती ट्रिप्सिनच्या नेमक्या कामाच्या जागेवर जाऊन घट्ट बसतात. एन्झाइम शाबूत, पण अडकलेलं. आमच्या भाषेत, एका प्रोसेसने लॉक घेतला आणि सोडलाच नाही. यालाच म्हणतात इनहिबिटर.

सोयाबीनमधला असा इनहिबिटर अमेरिकेत कुनिट्झने १९४५ साली स्फटिकरूपात वेगळा केला. इकडे कमलाबाई १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून परतल्या होत्या. दिल्ली, कुन्नूर करत लग्नानंतर त्या मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन आपल्याकडच्या भाज्या आणि कडधान्यं तपासायला घेतली. १९५५ साली 'नेचर'मध्ये निबंध आला : वाल आणि डबल बीन यांतले इनहिबिटर स्फटिकरूपात! पेण-अलिबागचा वाल थेट 'नेचर'मध्ये.

यात एवढं काय? ज्याला दूध-अंडी परवडत नाहीत, त्याचं प्रथिन म्हणजे डाळी-कडधान्यंच. तेही नीट पचलं नाही तर पोट भरतं, पण अंगी लागत नाही. म्हणजे प्रश्न कुपोषणाचा होता. नीरेवर काम करतानाही बाईंच्या डोळ्यांसमोर गरिबाघरची मुलंच होती.

आणि उपाय? भिजवा, मोड आणा, नीट शिजवा. उष्णतेने इनहिबिटरची घडी मोडते आणि त्यातला बराचसा निकामी होतो. आजीला हे अनुभवाने माहीत होतं; कमलाबाईंसारख्यांनी त्यामागचं कारण हातात आणून दिलं.

नवी मुंबईत श्रावणात सोललेलं बिरडं तयार मिळतं, आपल्यासारख्या आळशांची सोय. ते जरूर आणा, पण शिजवताना घाई नको. आणि हो, पुढच्या वेळी रामनचा किस्सा कोणी फॉरवर्ड केला, तर त्याला वालाचाही जोडून पाठवा. बाईंना नाकारलं कोणी हे सगळ्यांना कळलं, त्यांनी केलं काय हेही कळू दे की!