डिंक, साखर आणि रक्त

श्रोतेहो, बोरीच्या शिवारातील बांधावरची बाभूळ आणि बाळंतिणीच्या लाडवांतला डिंक आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु बाभळीच्याच कुळातील झाडांचा डिंक एके काळी जखमी शिपायांच्या शिरेतून देत असत, हे ऐकून आपणांस नवल वाटेल.

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. ते झपाट्याने वाहून गेले की तांबड्या पेशी कमी पडण्यापूर्वीच रक्तवाहिन्या रित्या होतात आणि हृदयाला पुढे ढकलावयास काही उरत नाही. तेव्हा प्रथम ती पोकळी भरली पाहिजे. नुसते मिठाचे पाणी भरले, तर त्यातले बरेचसे लवकरच वाहिन्यांबाहेर पाझरते. म्हणून लंडनचे शास्त्रज्ञ विल्यम बेलिस यांनी पहिल्या महायुद्धात त्या पाण्यात शेकडा ६-७ डिंक विरघळविला. डिंकाचे मोठाले रेणू पाण्याला आत धरून ठेवीत व रक्तदाब सावरे. पण तो डिंक यकृतात साठून राहतो असे पुढे आढळले आणि तो मागे पडला.

१९४० नंतर स्वीडनमध्ये साखरेवर जंतू वाढवून डेक्स्ट्रान तयार झाले. त्याने रक्त गोठण्यात अडथळा येई. मग स्टार्चची द्रावणे आली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत अत्यवस्थ रुग्णांच्या मूत्रपिंडांना त्यांपासून अपाय दिसला, आणि २०२२ मध्ये युरोपीय संघाने त्यांचे विक्रीपरवाने स्थगित करण्याचा निर्णय घेतला.

यांपैकी एकाही द्रवाला तांबड्या पेशींप्रमाणे प्राणवायू वाहून नेता येत नाही. उलट, असा द्रव फार भरला तर उरलेले रक्त पातळ होते व गोठण्याची त्याची शक्ती घटते. म्हणून मोठ्या रक्तस्रावात आज डॉक्टर लवकरात लवकर रक्तच देऊ पाहतात.

ते रक्तही जुळावे लागते. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी मुंबईत आढळलेला एक विरळा रक्तगट जगापुढे मांडला. 'बाँबे' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गटाच्या माणसाला 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. त्याच गटाचा दाता शोधावा लागतो. तो सापडेपर्यंत शिरेतला द्रव थोडा अवधी मिळवून देतो.

खेड्यातून मोठ्या रुग्णालयाकडे निघालेल्या, रक्तस्राव होत असलेल्या बाळंतिणीलाही हाच अवधी हवा असतो. बाटलीतला द्रव तिला वाटेत तगवील. पण वाटेच्या शेवटी तिच्यासाठी कोणी तरी आधीच रक्त देऊन ठेवलेले असले पाहिजे. श्रोतेहो, ते कोणी तरी आपल्यातलेच असावयास नको काय?