गंजगोलाई, लातूर

गंजगोलाई : लातूर शहराच्या मध्यभागी असलेली वर्तुळाकार, दुमजली व्यापारी वास्तू आणि तिच्याभोवतीची बाजारपेठ. बांधकाम १९१७. आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. वास्तूच्या मध्यभागी जगदंबा देवीचे मंदिर असून गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. बोलण्यात लातूरकर तिला नुसते ‘गोलाई’ म्हणतात.

नाव : ‘गंज’ हा फार्सीतून आलेला शब्द. धान्याची पेठ असा त्याचा अर्थ. नांदेड-परभणीकडे अशा पेठेला ‘मोंढा’ म्हणतात. इथे पेठेच्या नावाला वास्तूचा आकार जोडला गेला आणि ‘गंजगोलाई’ हे नाव रूढ झाले.

पार्श्वभूमी : लातूर हे प्राचीन गाव. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लत्तलूर’चे अधिपती म्हणवीत, ते लत्तलूर म्हणजेच लातूर, असे मानले जाते. गोलाई बांधली गेली तेव्हा लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात होते. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळमार्ग लातूरपर्यंत आला. लातूरचा माल कुर्डुवाडीला आणि तिथून मोठ्या लोहमार्गाने मुंबईकडे जाण्याची सोय झाली. त्यानंतर सहाच वर्षांत गोलाई उभी राहिली.

रचना : १६ रस्ते सारख्या अंतरावर धरले, तर दोन रस्त्यांमध्ये साडेबावीस अंशांचा कोन येतो. सरळ पेठेत तोंडाशी असलेल्या दुकानाला गिऱ्हाईक जास्त आणि टोकाच्याला कमी. वर्तुळाला टोकच नसते. कोणत्याही रस्त्याने आलेला माणूस मध्यावरच पोहोचतो. मध्याभोवतीची अशी आखणी इतरत्रही दिसते. पंजाबातील लायलपूर (आजचे फैसलाबाद) येथे घंटाघराभोवती आठ बाजार आहेत. दिल्लीचे वर्तुळाकार कॅनॉट प्लेस १९२९ नंतर बांधले गेले. लातूरची गोलाई त्याहून दहा-बारा वर्षांनी जुनी आहे, आणि तिचे रस्ते लायलपूरच्या दुप्पट आहेत.

बाजार : गोलाईपासून निघणाऱ्या रस्त्यांवर एकेका मालाची दुकाने सलग लागतात. पारंपरिक सोन्याचे दागिने, कापड, चपला-जोडे, भुसार, मिरचीपासून गुळापर्यंतचा किराणा, सगळे इथे मिळते. ‘सराफ लाईन’, ‘कापड लाईन’, ‘भुसार लाईन’ ही नावे पत्त्यातही चालतात. लग्नाचा बस्ता बांधायला खेड्यातून आलेले कुटुंब आधी कापडाच्या दुकानात गादीवर बसून लुगडी, शालू उलगडून पाहते, मग सराफाकडे मणी-मंगळसूत्र घेते आणि परतताना हळद, सुपारी, गूळ पिशवीत टाकते. एवढ्या खरेदीला गोलाईभोवतीचा एक फेरा पुरतो. पुढे धान्याचे मोठे सौदे बाजार समितीच्या आवारात होऊ लागले. तूर आणि सोयाबीनसाठी लातूरचे नाव झाले ते तिथल्या उलाढालीमुळे. तरी किरकोळ खरेदीचे केंद्र गोलाईच राहिले.

देवस्थान : मध्यभागी देवी असल्याने व्यापाराचे आणि श्रद्धेचे ठिकाण एकच आहे. नवरात्रात इथे दर्शनाला मोठी गर्दी होते.

पुढील काळ : १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०११ मध्ये शहरात महानगरपालिका आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे हादरे शहरालाही बसले, पण गोलाई उभी राहिली.

महत्त्व : मराठवाड्यातील जुन्या वास्तू म्हटले की किल्ले, लेणी आणि देवळे आठवतात. राबत्या बाजारासाठी आधी आराखडा काढून उभारलेली आणि शंभर वर्षांनंतरही त्याच कामाला येणारी गोलाई त्या यादीत मानाने बसते. तिचे जतन करायचे तर भिंतींइतकेच तिला मिळणारे १६ रस्तेही मोकळे राहिले पाहिजेत, कारण त्या रस्त्यांवाचून गोलाईचा आराखडा पुरा होत नाही.