स्वयंपाकघरातील स्पंज : स्वच्छता, निगा आणि निवृत्तीची वेळ

कोल्हापूर, ता. – भांडी स्वच्छ करणारी वस्तू स्वतः स्वच्छ असतेच, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ओट्याजवळ साबणाच्या वाटीत दिवसभर भिजत पडलेला स्पंज हा घरातील सर्वाधिक जिवाणू असलेल्या वस्तूंपैकी एक असतो. शौचालयाची फरशी आपण जंतुनाशकाने धुतो; मात्र सायंकाळी ज्या स्पंजाने मटणाचे पातेले घासले, त्याच स्पंजाने सकाळी लहान मुलाची दुधाची वाटी घासतो. घरात तान्हे मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा दीर्घ आजारातून उठलेली व्यक्ती असेल, तर हा प्रश्न केवळ टापटिपीचा राहत नाही.

राखेपासून स्पंजापर्यंत

दोन पिढ्यांपूर्वी कोल्हापूरच्या वाड्यांतून भांडी घासली जात ती चुलीतील राखेने आणि नारळाच्या काथ्याने. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी चिंच असे, तर काही घरांत वाळलेल्या घोसाळ्याची जाळी वापरली जाई. राख कोरडी असे आणि काथ्या उन्हात पडलेला असे. वापरून झाला की तो चुलीत किंवा उकिरड्यावर जाई. गॅस आला, चूल गेली आणि राखही गेली. तिची जागा साबणाच्या वडीने, तारेच्या घासणीने आणि पुढे हिरव्या खरखरीत थराच्या स्पंजाने घेतली.

आजचा सर्वसाधारण स्पंज पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकच्या फेसापासून बनतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेले सेल्युलोजचे स्पंजही बाजारात मिळतात. दोहोंचा गुण एकच : असंख्य छिद्रे. ही छिद्रे पाणी आणि फेस धरून ठेवतात, त्यामुळे साबण कमी लागतो. परंतु तीच छिद्रे अन्नकणही धरून ठेवतात. ओलावा, अन्न आणि उबदार हवा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की जिवाणूंची वाढ होण्यास आणखी काही लागत नाही. अनुकूल स्थितीत काही जिवाणूंची संख्या अवघ्या वीस मिनिटांत दुप्पट होते.

संशोधन काय सांगते?

जर्मनीतील फुर्टवांगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये घरगुती वापरातील १४ स्पंजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जिवाणूंचे ३६२ गट आढळले. काही ठिकाणी तर एका घन सेंटिमीटरमध्ये ५० अब्जांहून अधिक पेशी मोजल्या गेल्या. जुन्या स्पंजाला येणाऱ्या कुबट वासाशी ज्याचा संबंध जोडला जातो, तो मोराक्सेला ओस्लोएन्सिस हा जिवाणू त्यात मोठ्या प्रमाणात होता. निरोगी माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना मात्र होऊ शकतो. या अभ्यासातील लक्षणीय बाब अशी, की नियमितपणे निर्जंतुक केले जाणारे स्पंज इतरांपेक्षा कमी जिवाणूंचे आढळले नाहीत.

याउलट, अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या २००७ मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगांत ओला स्पंज मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटे पूर्ण शक्तीवर ठेवल्यास ९९ टक्क्यांहून अधिक जंतू नष्ट होतात, असे दिसले. त्याच वर्षी अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनीही मायक्रोवेव्ह आणि भांडी धुण्याचे यंत्र हे दोन उपाय प्रभावी ठरवले. ब्लीचचे पाणी, लिंबाचा रस किंवा साधे पाणी यांत काही मिनिटे बुडवून ठेवलेल्या स्पंजांतील जिवाणू मात्र ३७ ते ८७ टक्केच कमी झाले.

हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले, तरी त्यांचा मेळ बसतो. उष्णतेने बहुतांश जंतू मरतात. परंतु जे उरतात, त्यांना पुन्हा ओला आणि खरकट्याने भरलेला स्पंज मिळाला, की ते मोकळी झालेली जागा व्यापतात. म्हणजेच निर्जंतुकीकरणाने स्पंजाला काही दिवसांची मुदत मिळते, कायमचे आयुष्य नव्हे.

रोजची निगा

स्पंज टिकवायचा, तर त्याच्यात घाण शिरूच न देणे हा पहिला उपाय.

• खरकटे आधी काढून टाकावे. तांबड्या रश्श्याच्या पातेल्यावरील तवंग किंवा तळणीचे तेल थेट स्पंजाने पुसू नये. ज्वारीचे पीठ, कोंडा किंवा जुना कागद यांनी ओशटपणा टिपून घ्यावा आणि मग गरम पाणी ओतावे. असे केल्यास स्पंज कमी मळतो.

• करपलेले भांडे भिजत घालावे. त्यावर स्पंज रगडल्याने तो फाटतो आणि भांडेही निघत नाही. अशा कामासाठी तारेची घासणी किंवा काथ्या वेगळा ठेवावा.

• भांडी झाल्यावर स्पंज वाहत्या पाण्याखाली फेस जाईपर्यंत चुरावा, घट्ट पिळावा आणि उभा किंवा टांगून ठेवावा. साबणाच्या पाणी साचलेल्या वाटीत तो ठेवणे ही आपल्याकडील सर्वांत सार्वत्रिक सवय आहे आणि सर्वांत घातकही. वाटीला तळाशी छिद्रे असावीत. साबणाची वडीही त्यामुळे अधिक दिवस पुरते.

• दोन स्पंज आलटून पालटून वापरावेत. एक वापरात असताना दुसरा गच्चीत किंवा गॅलरीत उन्हात पूर्ण वाळतो.

• भांड्यांचा, ओट्याचा आणि बेसिनचा स्पंज वेगळा असावा. वेगवेगळे रंग ठेवल्यास भांडी घासण्यास येणाऱ्या मावशींनाही घोटाळा होत नाही.

• कच्चे मटण, कोंबडी, मासे यांचे पाणी सांडल्यास ते स्पंजाने पुसू नये. कागदाने टिपून कागद टाकून द्यावा आणि जागा साबणाने धुवावी.

निर्जंतुक कसा करावा?

मायक्रोवेव्ह : स्पंज धुऊन पाण्याने पूर्ण भिजवावा आणि दोन मिनिटे ठेवावा. कोरडा स्पंज पेट घेऊ शकतो, तर धातूची तार असलेली घासणी ठिणग्या टाकते. या दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. बाहेर काढताना चिमटा वापरावा, कारण आतील पाणी उकळते असते.

उकळणे : मायक्रोवेव्ह नसलेल्या घरांसाठी हा सोपा मार्ग. जुन्या पातेल्यात पाच मिनिटे उकळावे. वारंवार उकळल्यास हिरवा थर सुटू शकतो, तेव्हा स्पंज बदलावा.

ब्लीच : एक लिटर पाण्यात सुमारे ५० मिलिलिटर घरगुती ब्लीच मिसळून आधी स्वच्छ धुतलेला स्पंज पाच मिनिटे बुडवावा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावा. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा शौचालय साफ करण्याचे आम्लयुक्त द्रावण कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पावसाळा आणि महापूर

कोल्हापूरच्या पावसाळ्यात कित्येक दिवस ऊन पडत नाही. अशा काळात स्पंज वाळतच नाही. म्हणून जून ते सप्टेंबर या महिन्यांत स्पंज अधिक लवकर बदलावा किंवा सरळ दांड्याचा ब्रश वापरावा. नॉर्वेतील नोफिमा या अन्नसंशोधन संस्थेच्या २०२२ मधील अभ्यासात ब्रश रात्रभर वाळल्यावर त्यावरील साल्मोनेला जिवाणू मोठ्या प्रमाणात घटले. ओलसर स्पंजात ते तग धरून राहिले. ब्रशमध्ये पाणी साठत नाही, एवढेच त्याचे कारण.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराने शहराचे अनेक भाग वेढले. उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने नळ कोरडे पडले आणि नागरिकांना टँकरवर अवलंबून राहावे लागले. पुराच्या पाण्यात मैला आणि सांडपाणी मिसळलेले असते. अशा पाण्यात भिजलेले स्पंज, घासण्या आणि लाकडी काटवट धुऊन वापरण्याचा मोह टाळावा; या वस्तू फेकून द्याव्यात. पाणी तुटपुंजे असेल, तेव्हा भांडी शेवटी उकळत्या पाण्याने विसळावीत.

निवृत्ती कधी?

जर्मन संशोधकांनी आठवड्याला स्पंज बदलण्याचा सल्ला दिला होता. घरखर्चाच्या दृष्टीने तो जड वाटल्यास निदान दोन-तीन आठवड्यांची मर्यादा पाळावी. धुतल्यावरही वास येत असेल, हाताला बुळबुळीत लागत असेल किंवा तुकडे पडू लागले असतील, तर तारीख पाहू नये. मोठा स्पंज कापून दोन केल्यास बदलण्याचा खर्च निम्मा होतो आणि लहान तुकडा लवकर वाळतोही.

बाद झालेला स्पंज उकळून मोरी, सायकल वा बूट पुसण्यासाठी ठेवता येईल. प्लॅस्टिकचा स्पंज मातीत कुजत नाही. तो धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात द्यावा. काथ्या आणि घोसाळ्याची जाळी मात्र कुंडीतील खतात सहज मिसळतात. परसात घोसाळ्याचा वेल असेल, तर एक-दोन फळे वेलावरच वाळू द्यावीत. साल आणि बिया काढल्या, की वर्षभराच्या घासण्या घरबसल्या तयार होतात. त्यांनाही रोज पिळून वाळवण्याचा नियम लागू आहेच.