अर्ध्या तासिकेचे जोतीराव

जून महिना आला, की आमच्या घरात दोन गोष्टी गळायला लागतात. एक छप्पर आणि दुसरा माझा धीर. कारण त्याच सुमारास आमच्या सौभाग्यवतींचं वार्षिक नियोजन सुरू होतं. ही शाळेत आठवीला इतिहास शिकवते. कोणत्या महिन्यात कोणता धडा, त्याला तासिका किती, असा सबंध वर्षाचा तक्ता मुख्याध्यापकांपुढे ठेवावा लागतो. रेघा मारणे आणि बेरजा करणे ही दोन खाती माझ्याकडे. बी.कॉम. झाल्याचा घरात झालेला एवढाच काय तो उपयोग!

यंदा सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलन वजा जाता तासिका संपल्या आणि धडे शिल्लक राहिले.

"अहो, मग समाजसुधारकांतनं कापा थोडं," ही म्हणाली.

मी कापलं. महात्मा फुल्यांच्या वाट्याला अर्धी तासिका आली आणि माझं पेन अडखळलं. हिच्यासाठीच ग्रंथालयातून आणलेलं एक पुस्तक मी मागे चाळलं होतं, ते आठवलं. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, हे सर्वांना ठाऊक असतं. पण याच गृहस्थाने पुढे खुद्द सरकारपुढे अभ्यासक्रम मांडला होता! विल्यम हंटर यांच्या शिक्षण आयोगाला त्यांनी 19 ऑक्टोबर 1882 या तारखेचं लेखी निवेदन दिलं. सहीखाली काय लिहिलंय? व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. व्यवसायाच्या रकान्यात एवढा मजकूर भरणारा खातेदार मी अजून पाहिलेला नाही.

त्यांची तक्रार कोणत्याही कारकुनाला कळावी अशी. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामावर आणि शिकतात वरच्या वर्गातली मुलं. म्हणजे ठेव एकाची आणि उचल दुसऱ्याची! मग त्यांनी यादी दिली. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, इतिहास, भूगोल नि व्याकरण यांची तोंडओळख, थोडी शेती, थोडी नीती, थोडं आरोग्य. यादीत मोडी का? तर सावकाराचे कागद मोडीत. वाचता न येणारा कुणबी आंगठा उठवी आणि कशावर उठवला ते जमीन गेल्यावर कळे. मास्तर कसा हवा? वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला न लाजणारा. पगार निदान 12 रुपये, मोठ्या गावांत 15 ते 20.

हे सगळं मी हिला ऐकवलं आणि वर म्हणालो, "अगं, आजही दहावी झालेला पोरगा पैसे काढायची स्लिप माझ्यापुढे सरकवतो नि म्हणतो, साहेब, तुम्हीच भरा. रक्कम अक्षरी लिहायची म्हटलं की घाम फुटतो त्याला. त्याच्या वतीने मी काय लिहितो, ते तो वाचतसुद्धा नाही."

ही काही बोलली नाही. स्नेहसंमेलनाच्या तालमीतून तिने दीड तासिका काढली. जोतीरावांच्या दोन झाल्या.

"एक धड्याची," ती म्हणाली, "आणि दुसरीसाठी बँकेतनं कोऱ्या स्लिपा आणा."

आणल्या. पोरांनी भरल्याही. एकाने तर बाईंकडून माझं नाव विचारून घेऊन माझ्याच खात्यातून पाच लाख काढले. अक्षरी रक्कम बिनचूक, खाली झोकदार सही. मी शेरा मारला, 'शिल्लक अपुरी', आणि त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.